किप्पूरला योना का वाचतात: बाहेर काम करायला निघालेल्या मुलीला पत्र

अगं,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळीत उत्तर देण्यासारखं ते नाहीये म्हणून हे पत्र लिहितेय. तू विचारलंयस की मावशी, मला निर्वासितांसोबत काम करायचंय, आफ्रिकेत कुठेतरी, वर्षभराची फेलोशिप आहे, आणि फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे की तुमच्या ज्यू असण्याचा ह्या कामाशी काय संबंध आहे, आणि तिथेच माझं अडलंय, कारण मी शुक्रवारी दिवा लावते, किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास धरते, मलिद्याला, म्हणजे आपल्या आभाराच्या विधीला, बसते, पण त्याच्यापलीकडे मी काही फार धार्मिक नाही. आणि शेवटी लिहिलंयस की खोटं लिहायचं नाहीये. ते वाचून मला खूप बरं वाटलं.

मग तुला जे नक्की माहिती आहे तिथूनच सुरू करू. आपला दारफाळणीचा सण, म्हणजे किप्पूरच, आपण कोकणातले बेने इस्राएल ज्यू त्याला दारं लावण्याचा सण म्हणतो. आपल्या आज्या-पणज्या दारं लावून, पांढरे कपडे घालून दिवसभर उपाशी बसायच्या, बाहेरच्या कुणाशी बोलायचं नाही, कुणाला शिवायचं नाही. आता आपण सिनेगॉगमध्ये बसतो. दुपारी तीन-चारच्या सुमारास, डोकं दुखायला लागलेलं असतं, लहान मुलं पेंगत असतात, तेव्हा योनाचं पुस्तक वाचतात. तुला मासा आठवत असेल, सगळ्यांना मासाच आठवतो. पण गोष्ट काय आहे बघ. देव योनाला म्हणतो निनवेला जा. निनवे म्हणजे अश्शूरांचं शहर, आपलं नाही, उलट शत्रूचं. योनाला तिथे जायचंच नसतं, तो याफोला जाऊन भलत्याच दिशेचं जहाज पकडतो, मग वादळ, मासा, सगळं होतं, शेवटी नाइलाजाने जातो, लोक सुधारतात, शहर वाचतं, आणि योनाला राग येतो! आपल्या शत्रूंना का वाचवलं म्हणून. पुस्तक संपतं ते देवाच्या प्रश्नावर, की ह्या शहरात 1,20,000 माणसं आहेत ज्यांना उजवं-डावं कळत नाही, आणि कितीतरी जनावरं आहेत, त्यांची मला कळकळ वाटू नये का? योनाचं उत्तर पुस्तकात नाहीच.

वर्षातल्या सगळ्यात पवित्र दिवशी, जेव्हा प्रत्येकजण आपापल्या पापांचा विचार करत बसलेला असतो, तेव्हा नेमकं परक्यांच्या शहराचं पुस्तक वाचायचं असं आपल्या पूर्वजांनी ठरवलं. आणि त्याच दिवशी सकाळी यशया ह्या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 58वा अध्याय. त्यात तर देव सरळ विचारतो की हा असला उपास मी मागितला होता का, मान खाली घालून बसायचा? बेड्या तोडा, दबलेल्यांना मोकळं करा, भुकेल्याला तुमच्यातली भाकर द्या, ज्याला घर नाही त्याला घरी आणा, हा माझा उपास. हे कुणी बाहेरच्याने केलेली टीका नाहीये, हे आपणच उपाशीपोटी उभं राहून वाचतो. तू हे लहानपणापासून ऐकतेयस, हिब्रूत ऐकलंस म्हणून अर्थ निसटला असेल एवढंच. त्यामुळे फॉर्ममधल्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडे आहे, ते फक्त बाहेर काढायचंय.

आता मला जे तुला मनापासून सांगायचंय ते सांगते. तू लिहिलंयस की तुला त्या लोकांचे व्हिडिओ बघून फार वाईट वाटतं, झोप लागत नाही. ते चांगलंच आहे, मन जिवंत आहे तुझं. पण नुसत्या वाईट वाटण्यावर वर्ष निघत नाही गं. कॅम्पमध्ये तुला काय काम असणार? रजिस्ट्रेशनच्या रांगा, एक्सेल शीट, पाण्याचा टँकर आला नाही म्हणून भांडणं, दुभाषा आजारी, वरून रिपोर्टची डेडलाइन. तिसऱ्या महिन्यात ते वाईट वाटणं आटतं, मी चांगली चांगली माणसं अशी आटताना बघितलीयत, आणि मग त्यांना स्वतःचीच लाज वाटते आणि सोडून निघून जातात. आपला धर्म ह्या बाबतीत फार व्यवहारी आहे. तोरातल्या, म्हणजे आपल्या मूळ पाच धर्मपुस्तकांतल्या, लेवीयच्या 19व्या अध्यायात सांगितलंय की शेत कापताना कोपरे कापू नका, खाली पडलेलं वेचू नका, द्राक्षमळा पूर्ण झोडपू नका, ते गरिबाचं आणि परक्याचं आहे. शेतकऱ्याला त्या दिवशी दया आलीय की नाही हे कुणी विचारतच नाही! त्याची बायको गेल्याचं दुःख असेल, पीक कमी आलं असेल, मूड खराब असेल, तरी कोपरा त्याचा नाही. हे जे बांधील असणं आहे ना, ते घेऊन जा. मन भरून आलं तर उत्तम, नाही आलं तरी सकाळी उठून रांगेपाशी जायचंच. तुझी श्रद्धा मला तिथे दिसेल, तू किती वेळा प्रार्थना करतेस त्यात नाही.

आणि परक्याचा उल्लेख तोरात एकदा-दोनदा नाहीये. तल्मूदात, म्हणजे जुन्या रब्बींच्या, आपल्या धर्मगुरूंच्या, चर्चांच्या ग्रंथात, लिहिलंय की परक्याला छळू नका हे तोरा 36 वेळा सांगते, कुणी म्हणतं 46 वेळा. आणि कारण प्रत्येक वेळी जवळपास तेच, की तुम्ही मिसरात परके होतात, परक्याचा जीव काय असतो तुम्हाला माहितीय.

घरून विरोध होणार हे गृहीत धर. तुझा मामा म्हणेल (मला तर त्याचा आवाजपण ऐकू येतोय) की आपण भारतात उरलोत किती, चार-पाच हजार, आपल्या म्हाताऱ्या लोकांना बघायला कुणी नाही, सिनेगॉगांना मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारे, दहा पुरुष मिळत नाहीत, आणि ही निघाली आफ्रिकेला. त्याला उलट उत्तर देऊ नकोस, कारण तो चुकीचं बोलत नाहीये. तल्मूदातच आहे की आपल्या गावच्या गरिबाचा हक्क आधी. पण त्याच तल्मूदात हेपण आहे की इतर लोकांच्या गरिबांनाही आपल्या गरिबांबरोबर पोसायचं, त्यांच्या आजाऱ्यांना भेटायचं, त्यांच्या मृतांना मूठमाती द्यायची. दोन्ही आहे. जवळचा आधी, हा क्रम झाला. जवळच्यानंतर कुणीच नाही असं कुठेही म्हटलेलं नाही. म्हणून माझं सांगणं आहे की जायच्या आधीचे हे चार महिने दर रविवारी आपल्या त्या दोन आजींकडे जात जा ज्यांची मुलं लोदला आणि आश्दोदला असतात, औषधं आणून दे, बँकेचं काम करून दे. मामाला दाखवायला म्हणून नाही. जी घरच्या म्हाताऱ्या माणसाची कटकट शांतपणे ऐकू शकते तीच कॅम्पमध्ये टिकते, हे मी खात्रीने सांगते.

तू ज्यांच्याकडे अर्ज करतेयस त्यांच्यासारखीच एक हायस नावाची संस्था आहे अमेरिकेत. 19व्या शतकाच्या अखेरीस रशियातून जीव वाचवून पळालेल्या ज्यू लोकांना न्यूयॉर्कमध्ये आसरा देण्यातून ती उभी राहिली. आज ती ज्यांना मदत करते त्यातले बहुतेकजण ज्यू नाहीत, केनियात, चाडमध्ये, लॅटिन अमेरिकेत काम आहे. आधी मदत घेणारा ज्यू होता म्हणून काम चालायचं, आता मदत करणारे ज्यू आहेत म्हणून चालतं. दुसरी अमेरिकन ज्युईश वर्ल्ड सर्व्हिस, 1985 साली सुरू झाली, भारतातल्या गटांनाही पैसे देते. तिच्या प्रमुख होत्या रूथ मेसिंजर, न्यूयॉर्कच्या महापौरपदाची निवडणूक 1997 ला हरल्या आणि पुढच्याच वर्षी इथे आल्या, 2016 पर्यंत राहिल्या. 2004 मध्ये सुदानच्या दारफुरमध्ये कत्तली सुरू होत्या तेव्हा ह्या संस्थेने आणि वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट म्युझियमने मिळून पुढाकार घेतला आणि सेव्ह दारफुर ही आघाडी उभी राहिली. दारफुरमध्ये मरणारे मुसलमान होते, आणि 30 एप्रिल 2006 ला वॉशिंग्टनमध्ये जो मोठा मोर्चा झाला त्यात सिनेगॉगांच्या बसच्या बस भरून लोक आले होते. दारफुरचा प्रश्न त्याने सुटला का? नाही सुटला, आज परत तिथे तेच चाललंय. ते लोक का आले असतील ह्याचा विचार कर, एवढंच म्हणते.

दोन माणसांबद्दल थोडं सविस्तर सांगायचंय, कारण ते गुरू-शिष्य होते. अब्राहम जोशुआ हेशेल, वॉर्साचे. बर्लिनला शिकले, संदेष्ट्यांवर, म्हणजे आमोस-यशया वगैरेंवर पीएचडी केली. 1938 ला नाझींनी हाकललं, 1939 ला युद्धाच्या काही आठवडे आधी पोलंडमधून निसटले, आई आणि तीन बहिणी मात्र मारल्या गेल्या. असा माणूस अमेरिकेत प्रोफेसर होऊन शांतपणे ग्रंथ लिहीत बसला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण 21 मार्च 1965 ला अमेरिकेच्या दक्षिणेतल्या सेल्मामध्ये काळ्या लोकांच्या मतदानाच्या हक्कासाठी मार्टिन ल्यूथर किंग निघाले तेव्हा पहिल्या रांगेत पांढऱ्या दाढीचे हे रब्बी होते. नंतर म्हणाले की चालताना माझे पाय प्रार्थना करतायत असं वाटलं. नंतर व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातही उभे राहिले, तेव्हा स्वतःच्या समाजातूनसुद्धा टीका झाली.

त्यांचे विद्यार्थी मार्शल मेयर. हे 1959 ला अर्जेंटिनाला गेले, ब्युनोस आयर्सला, थोडे दिवस म्हणून गेले आणि पंचवीस वर्षं राहिले. 1976 ला तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि माणसं गायब व्हायला लागली. रात्री गाडी यायची, पोरगा उचलून न्यायचे, पुन्हा पत्ता नाही. मेयर तुरुंगांमध्ये जाऊन कैद्यांना भेटायचे, आयांना घरात घ्यायचे, ज्यू-ख्रिश्चन बघितलं नाही. समाजातली मोठमोठी मंडळी म्हणत होती की गप्प बसा, सगळ्यांवर आणाल. 1983 ला लोकशाही परत आली तेव्हा गायब झालेल्यांचा शोध घ्यायला नवीन राष्ट्राध्यक्षांनी जो आयोग नेमला त्यात त्यांना घेतलं. त्या आयोगाने जवळपास 9 हजार माणसांची नोंद केली. एकेक नाव, कुठून उचललं, शेवटचं कुणी पाहिलं. तुझी एक्सेल शीट कंटाळवाणी वाटेल तेव्हा ही नोंद आठव. कुणाचं तरी नाव नीट लिहून ठेवणं हे खूप मोठं काम असतं.

आता तू म्हणशील मावशी ही सगळी युरोप-अमेरिकेची माणसं, त्यांच्यामागे होलोकॉस्ट आहे, आपल्यामागे काय आहे? बरोबर आहे, आणि उसनं दुःख फॉर्ममध्ये लिहू नकोस. आपली गोष्ट वेगळी आहे. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं, असं आपण पिढ्यानपिढ्या सांगतो. पुस्तकं गेली, भाषा गेली, शेमा, म्हणजे देव एकच आहे ही प्रार्थना, तेवढी तोंडात राहिली. आणि कोकणातल्या गावांनी आपल्याला राहू दिलं, घाणा चालवू दिला, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली म्हटलं पण शनिवार मोडायला कुणी सांगितलं नाही. पेणकर, दिवेकर, नवगावकर, केहिमकर, आपली आडनावंच त्या गावांची आहेत. किनाऱ्यावर बुडून आलेली, कागदपत्रं नसलेली माणसं होतो आपण, आणि आपल्याला आसरा मिळाला. निर्वासितांसोबत काम करायला ह्याच्याहून मोठं कारण तुला कशाला हवंय? तू छळाच्या आठवणीतून जात नाहीयेस, ऋण आहे म्हणून जातेयस, आणि हे जगात फार थोड्या ज्यू लोकांना म्हणता येतं.

मात्र आपल्या समाजाची गोष्ट गोड करूनही सांगू नकोस. आपल्यात गोरे आणि काळे बेने इस्राएल असा भेद होता, काळ्यांच्या घरी जेवायचं नाही, लग्न करायचं नाही, सिनेगॉगमध्ये मान खालचा, हे तुझ्या पणजीने बघितलंय. आणि मग तेच आपल्यावर उलटलं, इस्राएलला गेल्यावर तिथल्या रब्बींनी लग्नाच्या वेळी आपल्या लोकांच्या ज्यू असण्यावर शंका घेतली, मागच्या पिढ्यांचे पुरावे मागायला लागले. तेव्हा अलिबाग-पनवेलकडून गेलेले साधे कामगार, बायका-मुलांसकट जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले, आणि 1964 मध्ये त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता द्यावी लागली. न्यायासाठी बसायचं कसं हे आपल्या घरातच आहे, वाचायला अमेरिकेला जायला नको. आणि एक बाई विसरू नकोस, डॉ. जेरुशा झिराड, आपल्या बेने इस्राएल. लंडनहून एमडी होऊन आल्या आणि मुंबईत कामा हॉस्पिटलमध्ये वर्षानुवर्षं काम केलं, बाळंतपणात बायका का मरतात ह्याचा अभ्यास केला, त्या बायका बहुतेक सगळ्या हिंदू-मुसलमान गरीब घरच्या. 1966 ला पद्मश्री मिळाली. आणि ह्याच बाईंनी 1925 ला मुंबईत उदारमतवादी ज्यू मंडळ सुरू करण्यात पुढाकार घेतला होता, म्हणजे धर्म आणि दवाखाना दोन्ही एकाच हाताने.

संस्था निवडताना पैसा कुठून येतो ते विचार. ससून ह्या ज्यू व्यापारी घराण्याचं नाव पुण्यात-मुंबईत हॉस्पिटलवर आहे, लायब्ररीवर आहे, त्यांनी बांधलेल्या पुण्याच्या सिनेगॉगमध्ये, लाल देवळात, आपण जातो, आणि त्या घराण्याच्या संपत्तीतला मोठा भाग चीनला जाणाऱ्या अफूचा होता. हॉस्पिटलने लाखो जीव वाचवले हेही खरं आणि अफूने घरं बुडाली हेही खरं. मी ससूनला कमी लेखत नाही, पण तू एखाद्या वस्तीत जाऊन मदत करणार आणि त्याच वस्तीचं पाणी ज्याने नासवलं त्याच कंपनीचा लोगो तुझ्या टी-शर्टवर असणार, असं होऊ देऊ नकोस.

मदत कशी करतात तेही बघ. तल्मूदात मार उक्वाची गोष्ट आहे, मला फार आवडते. त्याच्या शेजारी एक गरीब माणूस राहायचा आणि हा रोज त्याच्या दाराशी चार नाणी गुपचूप ठेवायचा. एक दिवस त्या माणसाने ठरवलं की बघूया तरी कोण ठेवतं. नेमकी त्या दिवशी मार उक्वाची बायको बरोबर होती. दार उघडतंय म्हटल्यावर दोघं पळाले, आणि समोरच्याला लाज वाटू नये म्हणून चक्क भट्टीत लपले, निखारे नुकतेच काढलेले. ह्याचे पाय भाजायला लागले, बायकोचे नाही. ती म्हणाली तुझे पाय माझ्या पायांवर ठेव. तो खट्टू झाला, तेव्हा ती म्हणाली की मी घरात असते, गरीब दाराशी आला की तयार अन्न देते, लगेच पोटात जातं. बघ, एकाच गोष्टीत दोन्ही आलं, समोरच्याचा मान सांभाळणं, आणि लांबून पैसे ठेवणाऱ्यापेक्षा दारात भेटणारी बाई जास्त उपयोगाची. रामबामने, म्हणजे मायमोनिडीज ह्या ज्यू पंडिताने, तर 12व्या शतकात देण्याच्या आठ पायऱ्या लिहून ठेवल्यात, सगळ्यात खाली कुरकुरत देणारा, आणि सगळ्यात वर तो जो कर्ज देऊन, धंद्यात भागीदार करून नाहीतर काम देऊन समोरच्याला असं उभं करतो की त्याला पुन्हा मागायला लागू नये. तुझ्या संस्थेला इंटरव्ह्यूमध्ये विचार, की कॅम्पमधली किती माणसं तुमच्याकडे पगारावर आहेत, निर्णय कोण घेतं, आणि मी परत गेल्यावर माझं काम कोण करणार. ठाण्याच्या पलीकडे कळव्याच्या वस्तीत गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई म्हणून ज्यू लोकांनी 2012 ला सुरू केलेलं काम आहे, शिकायला येणाऱ्या मुलांना गरम जेवण, म्हणजे पोटासाठी कामाला जाण्याऐवजी मूल वर्गात येईल. एकदा जाऊन बघून ये, ट्रेनने एक स्टेशन आहे तुला.

तिथे गेल्यावर तुला गाझाबद्दल विचारणार. नक्की विचारणार, कॅम्पमध्येपण आणि तुझ्याबरोबरचे व्हॉलंटियरपण. ज्यू आहेस हे लपवू नकोस, आणि कुठल्या सरकारची प्रवक्ती असल्यासारखं बोलूही नकोस. लेवीयच्या त्याच अध्यायात पुढे लिहिलंय की तुझ्या शेजाऱ्याचं रक्त सांडत असताना नुसता उभा राहू नकोस. 7 ऑक्टोबर 2023 ला जे मारले गेले ते माझे, त्यात शंका नाही. आणि गाझात जी मुलं मेली त्यांच्याकडे बघून मान फिरवायची परवानगी मला तोरा देत नाही, माझं तरी वाचन हेच आहे. इस्राएलमध्ये 1988 पासून रब्बीज फॉर ह्यूमन राइट्स म्हणून रब्बींची संस्था आहे, हे लोक ऑलिव्हच्या हंगामात पॅलेस्टिनी शेतकऱ्यांबरोबर शेतात जातात, त्यांना हल्ल्यापासून सांभाळायला मध्ये उभे राहतात, मारही खातात. त्यांच्याच समाजात लोक त्यांना गद्दार म्हणतात. तुला त्यांच्या प्रत्येक मताशी सहमत व्हायची गरज नाही, मी पण नाहीये, पण ते जे करतात ते किप्पाह, म्हणजे आपली टोपी, घालून, तोरा हातात घेऊन करतात हे लक्षात ठेव.

आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, पाळ. मी हे तुझ्या आईसाठी सांगत नाहीये, तुझ्यासाठी सांगतेय. कॅम्पमध्ये काम कधी संपत नाही आणि थांबलं की अपराधी वाटतं, त्यानेच माणसं आजारी पडतात. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लाव, फोन ठेवून दे, इमर्जन्सी असेल तर अर्थातच जा, जीव वाचवायला शब्बाथ मोडायचाच असतो. पिरके आबोथमध्ये, म्हणजे जुन्या रब्बींच्या वचनांच्या पुस्तकात, रब्बी तार्फोन म्हणतात की काम पुरं करायची जबाबदारी तुझ्यावर नाही, पण ते सोडून द्यायलाही तू मोकळी नाहीस. शनिवारी वाक्याचा पहिला भाग आठव आणि रविवारी सकाळी दुसरा.

फॉर्ममध्ये नवगावचं लिही, योनाचं लिही, आणि दिवा लावते एवढंच लिही, जास्त धार्मिक दाखवू नकोस. 300 शब्दांची मर्यादा आहे म्हणालीस ना, मग मार्शल मेयर वगैरे काही घालू नकोस, ते त्यांना माहिती आहेत. रेफरन्स लेटर मी देईन, पण त्यांना माझा ईमेल पंधरा तारखेच्या आत दे, नंतर मी रेवदंड्याला असणार आहे आणि तिथे नेटवर्कचा भरवसा नसतो. यलो फीव्हरची लस आत्ताच घे, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नकोस. मामाशी मी बोलते.

शालोम,
तुझी मावशी